झाड पाणी धरते, तसे पितेही!

पावसाळा लागला की शाळेत, ऑफिसात, वस्तीच्या मैदानात वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात. 'झाडे लावा, पाणी वाढवा' ही घोषणा आम्हीही अनेकदा दिली आहे. घोषणा खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी गोष्ट दक्षिण आफ्रिकेतील जनतेला ओढे आटल्यावर कळली. ती आपल्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

दक्षिण आफ्रिका हा कोरडा देश. वर्षाला सरासरी ४५० ते ५०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे जगाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास. केपटाऊन शहराभोवतीच्या डोंगरांवर मुळात मोठी झाडे थोडी. तिथे बारीक पानांची ठेंगणी झुडपे वाढतात. त्यांना फाइनबॉस म्हणतात. गोऱ्या वसाहतवाल्यांनी लाकडासाठी आणि सालीसाठी बाहेरची झाडे आणली. पाइन युरोप-अमेरिकेतून आला. नीलगिरी आणि बाभळीच्या कुळातले ब्लॅक वॉटल ऑस्ट्रेलियातून आले. डोंगर हिरवेगार दिसू लागले, पण खालच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या की ओढे आटत आहेत.

तेव्हा १९३० च्या दशकात केपटाऊनजवळच्या योंकर्सहुक खोऱ्यात मोजमाप सुरू झाले. काही ओढ्यांच्या पाणलोटात पाइन लावले, काही ठिकाणी झुडपे तशीच ठेवली, आणि वाहते पाणी वर्षानुवर्षे मोजले. पाइन जसजसे वाढले, तसतसा ओढ्यांचा प्रवाह घटत गेला.

पाण्याचा जमाखर्च

आम्ही कारकून माणसे, म्हणून हिशोबाच्या भाषेत सांगतो. पाऊस ही जमा. झाड मुळांनी पाणी ओढून पानांवाटे हवेत सोडते, तो खर्च. दाट पानांवर अडकलेला पाऊस जमिनीला न लागताच वाळतो, तोही खर्चच. उरते ती शिल्लक, आणि तीच जमिनीखाली, ओढ्यात आणि धरणात जाते. ठेंगणे झुडूप थोडक्यात भागवते. उंच, बारमाही हिरवे, खोल मुळांचे झाड कोरड्या उन्हाळ्यातही पीत राहते, आणि नदीकाठी असेल तर जास्तच. भरपूर पावसाच्या मुलखात हा खर्च खपून जातो. जिथे जमाच तुटपुंजी, तिथे शिल्लक संपते.

पण शिल्लक पाणी कोणाचे? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. तिथे बहुतेक जमीन गोऱ्यांच्या ताब्यात होती, आणि नदीच्या पाण्यावरचा हक्क जमिनीला जोडलेला होता. १९९४ मध्ये नेल्सन मंडेला यांचे सरकार आले, तेव्हा एक कोटीहून अधिक लोकांना शुद्ध पाणी मिळत नव्हते. १९९८ च्या जलकायद्याने पाणी सर्व जनतेचे आणि सरकार त्याचे विश्वस्त ठरले. शिवाय लाकडासाठी लावलेली वनेही ओढ्याचे पाणी घटवतात, हे त्याच कायद्याने मान्य केले. अशा वनाला पाणी वापरण्याचा परवाना घ्यावा लागतो!

मजुरीही, पाणीही

त्याआधी १९९५ मध्ये 'वर्किंग फॉर वॉटर' ही सरकारी योजना सुरू झाली. पाणीमंत्री होते कादर अस्माल, नाताळ प्रांतात जन्मलेले भारतीय वंशाचे नेते. आपोआप पसरलेली परकी झाडे तोडायची, आणि ते काम गरीब वस्त्यांतील बेरोजगारांना, त्यातही स्त्रियांना द्यायचे, अशी ही योजना. एकाच पैशात घरात मजुरी आली आणि ओढ्यात पाणी आले. काम कंत्राटी, कायमची नोकरी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. शिवाय वॉटलचे बी जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहते. एकदा तोडून पाठ फिरवली की रान पुन्हा माजते.

२०१५ ते २०१७ या तीन वर्षांच्या अवर्षणाने केपटाऊनची धरणे तळाला गेली. १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटर पाण्याची मर्यादा आली. नळ बंद होण्याचा दिवस शहराने काटकसरीने टाळला, आणि नंतर पाऊस आला. मूळ कारण पाऊस न पडणे हेच. पण परकी झाडे त्या भागातील सुमारे ५,५०० कोटी लिटर पाणी दरवर्षी पितात, असा अंदाज त्याच वर्षी मांडला गेला. एवढे पाणी म्हणजे शहराचा दोन महिन्यांचा पुरवठा.

याचा अर्थ आम्ही झाडांवर कुऱ्हाड चालवा म्हणतो असे नाही. उघडी जमीन धुपते आणि तिची माती धरणात गाळ होऊन बसते. म्हणून तोडल्या जागी तिथलेच गवत आणि झुडूप यायला हवे. उन्हातल्या वस्तीला सावलीही हवीच.

पुढच्या पावसाळ्यात आपल्या गावी रोपांचा ट्रक येईल. खड्डे आपणच खणू. पण त्याआधी तीन प्रश्न विचारू या : झाड कोणते? लावणार कुठे, माळावर की विहिरीच्या उशाशी? आणि उरलेले पाणी कोणाच्या हंड्यात पडणार?