वीज कायद्यातील बदल आणि शेतकऱ्यांचे म्हणणे



आळे परिसरात कांद्याला पाणी देण्याचे दिवस आले की घरातील एकाला तरी रात्रीची पाळी करावी लागते. जेथे कृषिपंपांना दिवसाची वीज अजून पोचलेली नाही, तेथे मध्यरात्री थ्री फेज आली की बॅटरी घेऊन विहिरीवर जावे लागते. शेजारी उसाचे रान आणि त्यात बिबट्याचा वावर. जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांतील शेतकऱ्याला ही भीती नवी नाही. त्यामुळे वीज केव्हा, किती आणि कोणत्या दराने मिळते हा आपल्याकडे केवळ बिलाचा प्रश्न नसून जिवाचा प्रश्न आहे.

याबाबत आपण पारावर व सोसायटीत बरेच बोलतो. परंतु कायदा किंवा दर ठरण्यापूर्वी जेथे लेखी म्हणणे मागवले जाते, तेथे आपण पोचतोच असे नाही. म्हणून कोणती गोष्ट कोठे मांडावी आणि ती कशी मांडावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

कायद्याची थोडक्यात माहिती

सध्याचा विद्युत कायदा २००३ सालचा असून तो १० जून २००३ पासून लागू झाला. त्यानुसार २००५ साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या झाल्या. वीज हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणजे कायदा केंद्र करू शकते, पण दर ठरवणे, अनुदान देणे व प्रत्यक्ष पुरवठा करणे ही कामे राज्यपातळीवर होतात.

या कायद्यात बदल करण्याचे प्रयत्न अनेकदा झाले. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १७ एप्रिल २०२० रोजी मसुदा प्रसिद्ध करून २१ दिवसांत सूचना मागवल्या. टाळेबंदीचा काळ असल्याने ही मुदत पुढे ५ जूनपर्यंत वाढवावी लागली. दिल्लीच्या सीमेवरील शेतकरी आंदोलनातही हा मसुदा मागे घ्यावा ही एक मागणी होती. ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेले विधेयक ऊर्जाविषयक स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ साली लोकसभेची मुदत संपल्यावर रद्दबातल झाले. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये नवा मसुदा प्रसिद्ध करून पुन्हा सूचना मागवण्यात आल्या. मसुदे येतात, मागे पडतात व पुन्हा येतात. त्यामुळे आपली तयारी एका मसुद्यापुरती नसावी.

आपल्यावर काय परिणाम होऊ शकतो?

१) दर आणि खर्च : एकत्र कुटुंबात कमावता भाऊ जादा खर्च उचलतो, तसे उद्योग व व्यापारी ग्राहक खर्चापेक्षा जास्त दर देतात आणि शेतीचा दर कमी राहतो. याला परस्पर अनुदान म्हणतात. २०२५ च्या मसुद्यात दर खर्चाइतके असावेत, तसेच कारखाने, रेल्वे व मेट्रो यांच्यावरील हा भार ५ वर्षांत काढावा, असा प्रस्ताव होता. हा भार काढल्यास पडणारी तूट राज्याच्या तिजोरीतून भरावी लागेल, नाहीतर ती इतर ग्राहकांच्या दरात येईल.

२) राज्याचे अनुदान : महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना जाहीर झाली आहे. परंतु बिल शून्य आले म्हणजे वीज फुकट झाली असे नव्हे. फक्त पैसे भरणारा बदलला आहे. कायद्याच्या कलम ६५ नुसार राज्याने अनुदानाची रक्कम आगाऊ द्यावयाची असते. ती न दिल्यास आयोगाने ठरवलेला मूळ दर लागू होतो. म्हणून आयोगाचा दर किती ठरतो याकडे मोफत वीज घेणाऱ्यानेही लक्ष दिले पाहिजे.

३) अनुदान थेट खात्यात : २०२० च्या मसुद्यात ग्राहकाने पूर्ण बिल भरावे व अनुदान त्याला थेट मिळावे असा विचार होता. असा विचार पुन्हा पुढे आल्यास वीजजोड कोणाच्या नावावर आहे याला महत्त्व येईल. आपल्याकडे अनेक जोड आजोबांच्या नावावर असतात, तर काही विहिरी तीन-चार भावांच्या सामाईक असतात. मसुदा कोणताही असो, वारसाचे नाव वीजबिलावर लावून घेणे हिताचे आहे.

४) एकाच तारेवर अनेक विक्रेते : एकाच भागात एकापेक्षा जास्त कंपन्यांनी त्याच तारांवरून वीज विकावी, असाही प्रस्ताव होता. मुंबई उपनगरात असा प्रकार पूर्वीपासून आहे. मात्र तेथे वस्ती दाट आहे आणि ग्राहकांची पैसे देण्याची ताकदही जास्त आहे. आपल्याकडे एका रोहित्रावर शेतीपंपच अधिक असतात. नवा विक्रेता कारखान्याकडे आधी जाईल की आपल्या डी.पी.कडे, हा प्रश्न लेखी विचारण्याजोगा आहे.

म्हणणे मांडून उपयोग होतो का?

होतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ साली स्थापन झाला व मे २००० मध्ये त्याने पहिला दर आदेश दिला. त्यापूर्वी वीज मंडळ आपली गळती सुमारे १८ टक्के दाखवीत असे. आयोगापुढे हिशेब उघडा झाल्यावर ती ३० टक्क्यांहून अधिक असल्याचे पुढे आले. मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर जादा वापर धरल्याने चोरी व गळती झाकली गेली होती. पुण्याच्या प्रयास या संस्थेसह अनेकांनी आकडे मागितले, म्हणून हे उघड झाले. आपल्या पंपाच्या नावावर किती युनिट मांडले जातात, हे पाहणे म्हणूनच गरजेचे आहे.

कोणती गोष्ट कोठे मांडावी?

- कायद्याच्या मसुद्याबाबत : केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाकडे, जाहीर केलेल्या मुदतीत. २०१४ च्या केंद्रीय धोरणानुसार मसुदे किमान ३० दिवस लोकांसाठी खुले ठेवावेत अशी अपेक्षा आहे.
- विधेयक संसदीय समितीकडे गेल्यास : समिती वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निवेदने मागवते. त्याची प्रत आपल्या खासदारांनाही द्यावी.
- दर, पुरवठ्याचे तास व कृषिवापराचे आकडे : राज्य नियामक आयोगाकडे. कलम ६४ नुसार लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊनच आयोगाने दर आदेश द्यावयाचा असतो. सुनावणी पुण्यातही होते व तेथे मराठीत बोलता येते.
- स्वतःचे चुकीचे बिल, बंद मीटर, जळालेले रोहित्र : प्रथम महावितरणकडे, त्यानंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि तेथेही न्याय न मिळाल्यास विद्युत लोकपालाकडे.

दिवसा वीज मिळावी ही मागणी कायद्याच्या मसुद्यावरील पत्रात घातल्यास ती बाजूला पडण्याची शक्यता असते. तीच मागणी दराच्या सुनावणीत, आपल्या वाहिनीच्या नोंदीसह मांडल्यास तिला वजन येते.

नोंद कशी ठेवावी?

विहिरीवरील खोलीत एक वही ठेवावी. तारीख, वीज आल्याची व गेल्याची वेळ, मोटार चाललेले तास आणि मीटरचा आकडा लिहावा. रोहित्र कोणत्या दिवशी जळाले व कधी बदलले तेही लिहावे.

हिशेब सोपा आहे. १ अश्वशक्ती म्हणजे ०.७४६ किलोवॅट. ५ अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर १ तास चालली तर सुमारे ३.७३ युनिट होतात. मोटारीतील घट धरता प्रत्यक्ष वापर थोडा जास्त येतो. हंगामात ८०० तास मोटार चालली तर हा आकडा ३००० युनिटच्या आसपास जातो. बिलावर याच्या दुप्पट युनिट असतील तर ती बाब लेखी कळवावी व पोच घ्यावी.

पत्र कसे लिहावे?

पत्र एका पानाचे असावे. सुरुवातीला ग्राहक क्रमांक, गाव, पंपाची अश्वशक्ती व पिके लिहावीत. नंतर मसुद्यातील कोणत्या कलमावर म्हणणे आहे ते लिहावे. उदाहरणार्थ : “माझ्याकडे ५ अश्वशक्तीचा पंप आहे. मागील हंगामात तो ८०० तास चालला. दर पूर्ण खर्चाइतका केल्यास कांद्याचा उत्पादन खर्च वाढेल. म्हणून शेतीसाठीची तूट कोण व केव्हा भरणार, हे कायद्यातच स्पष्ट करावे.” शेवटी आपली मागणी एका वाक्यात लिहावी. रागाचे शब्द टाळावेत. पत्राची प्रत व पोच जपून ठेवावी.

एकट्याचे पत्र जरूर जावे, परंतु एका रोहित्रावरील दहा-पंधरा शेतकऱ्यांच्या वह्या एकत्र करून सोसायटी किंवा ग्रामसभेच्या ठरावासह गेलेले पत्र अधिक परिणामकारक ठरते. गाव करी ते राव न करी. पुढील मसुदा किंवा दराची जाहीर सूचना येईल तेव्हा मुदत थोडीच असेल. म्हणून शेतकरी बंधूंनी वहीची सुरुवात याच हंगामापासून करावी.