तोतया साहेब आणि आपली गाडी

आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांची चूल एखाद्या हातगाडीवर पेटते. कुणाची वडापावची गाडी, कुणाची खानावळ, कुठे चार जणींनी मिळून चालवलेले पोळी-भाजी केंद्र. अशा ठिकाणी ऐन गर्दीच्या वेळी हातात फाईल घेतलेला एक इसम उभा राहतो. "आम्ही एफडीएचे. तेल खराब दिसतंय. लायसन काढा, नाहीतर माल उचलू." बाई घाबरते आणि गल्ल्यातले पैसे काढून देते. आलेला माणूस खरा होता की खोटा, हे तिला शेवटपर्यंत कळत नाही.

तोतया हा प्रकार काही आजचा नव्हे. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने एकजण उभा राहिला आणि १७७६ साली मारला जाईपर्यंत मोठमोठ्या सरदारांना चकवत राहिला. सरदार फसले, तर कढईपुढे घामाघूम झालेली आपली भगिनी फसली त्यात नवल काय?

अन्नाची तपासणी करणाऱ्याला आपण अजून फूड इन्स्पेक्टर म्हणतो. कायद्यातले त्याचे नाव आता अन्न सुरक्षा अधिकारी असे आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ साली झाला. त्याच्या कलम ६२ ने दोघांना एकाच दोरीत बांधले आहे: वाजवी कारण नसताना अधिकाऱ्याला अडवणारा, धमकावणारा किंवा मारहाण करणारा, आणि अधिकाऱ्याचे सोंग घेणारा. दोघांनाही ३ महिन्यांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात लिहिली. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २०४ प्रमाणे सरकारी नोकर असल्याची बतावणी करून त्या जोरावर काही कृत्य करणाऱ्याला किमान ६ महिने आणि जास्तीत जास्त ३ वर्षे कैद होते, दंड वेगळा. जुन्या दंड संहितेत कैदेची किमान मर्यादा नव्हती, नुसत्या दंडावरही सुटता येत होते.

मग ओळखायचे कसे? आम्हांला एक खूण फार मोलाची वाटते. खरा अधिकारी नमुना नेतो तेव्हा नेहमीच्या विक्रीच्या दराने त्याचे पैसे आपल्याला देतो! कलम ३८ तसे सांगते. तपासणीसाठी नमुना नेत असल्याची लेखी नोटीस तो देतो. नमुन्याचे चार भाग करून सीलबंद करतो, त्यावर आपली सही किंवा अंगठा घेतो. आसपासच्या एखाद्या त्रयस्थ माणसाला साक्षीला बोलावतो. हे सारे व्हायला वेळ लागतो. तोतयाला मात्र घाई असते, आणि तो पैसे देत नाही, मागतो. दंड किती, हे गाडीपाशी उभा असलेला अन्न सुरक्षा अधिकारी ठरवत नाही. त्यासाठी निवाडा अधिकारी वेगळा असतो आणि आपली बाजू ऐकून घेतल्याशिवाय त्याला दंड करता येत नाही. लहान विक्रेत्याकडून तडजोडीची रक्कम घेण्याचीही सोय कायद्यात आहे, पण तो अधिकार वरच्या अधिकाऱ्याचा.

"साहेब, ओळखपत्र दाखवा," असे नम्रपणे म्हणणे हा आमच्या समजुतीप्रमाणे अडथळा होऊच शकत नाही. नाव, हुद्दा, कार्यालय वहीत लिहून घ्यावे. शेजारच्या दुकानदाराला हाक मारावी. संशय आला तर ११२ वर पोलिसांना फोन करावा.

पण ओळख पटली, तर मात्र कढईतले तेल गटारात ओतणे, डबा लपवणे, चार पोरे जमवून साहेबांना घेरणे, हे करू नये. नुसत्या अडवणुकीला न्याय संहितेच्या कलम २२१ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अंगावर हात टाकला तर कलम १३२, आणि कैद २ वर्षांपर्यंत. तेल चांगले असलेली बाई उगाच आरोपी होऊन बसायची. भेसळीचा माल शेवटी आपल्याच पोरांच्या डब्यात येतो, तेव्हा खऱ्या तपासणीचा राग धरून आपले भागणार नाही.

आणि खराच अधिकारी सतावायला लागला तर? त्याचीही तजवीज आहे. वाजवी कारण नसताना, नुसत्या छळापायी माल जप्त केला, तर कलम ३९ खाली त्या अधिकाऱ्यालाच १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र तक्रार खोटी निघाली तर ५० हजारांपासून पुढे दंड आपल्यावर येतो. म्हणून तक्रार करायची तर कागद आणि साक्षीदार आधी हाताशी हवेत.