मुदत संपलेली प्रमाणपत्रे आणि ओळख-सर्व्हरची पुनःस्थापना

भोगावती नदीवरील राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. छत्रपती शाहू महाराजांनी आरंभिलेल्या ह्या धरणाचा जलाशय पूर्ण भरला, की हे दरवाजे आपोआप उघडतात. त्यासाठी कोणाच्या आज्ञेची वाट पाहिली जात नाही. संगणकीय प्रमाणपत्राची मुदतही अशीच, कोणाच्या आज्ञेवाचून, संपते. भेद इतकाच, की दरवाजा पाण्याच्या पातळीला वश असतो आणि प्रमाणपत्र तपासणारे यंत्र घड्याळाला. जलाशयातील पाणी मागे नेता येत नाही. घड्याळ मात्र मागे नेता येते. मुदत संपल्यामुळे बंद पडलेला ओळख-सर्व्हर पुन्हा चालू करण्याचा एक मार्ग ह्याच गोष्टीवर आधारलेला आहे, आणि त्या मार्गाच्या मर्यादाही तिच्यातूनच उद्भवतात.

ओळख-सर्व्हर म्हणजे संस्थेतील माणसे व यंत्रे ह्यांची नोंदवही आणि तिच्या आधारे प्रत्येकाची ओळख पटविणारी यंत्रणा होय. ह्या कामासाठी विद्यापीठांतून व कार्यालयांतून वापरली जाणारी एक मुक्त प्रणाली म्हणजे फ्रीआयपीए. तिच्यात नोंदी ठेवणारी निर्देशिका, प्रवेशाचे तिकीट देणारा कर्बरॉस, प्रमाणपत्रे देणारा डॉगटॅग हा प्रमाणक, वेबपृष्ठे पुरविणारा अपाची आणि प्रमाणपत्रांच्या तारखांवर नजर ठेवणारा सर्टमॉंगर असे घटक एकत्र नांदतात. हे घटक परस्परांशी बोलतानाही एकमेकांची प्रमाणपत्रे तपासून घेतात.

प्रमाणपत्रात एक नाव, त्या नावाची सार्वजनिक किल्ली आणि दोन तारखा असतात, व त्या सर्वांवर प्रमाणकाची स्वाक्षरी असते. मुदत संपणे ह्याचा अर्थ सर्वत्र सारखा नसतो. महाराष्ट्रात 1 मे 2018 पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उतारा मिळू लागला. राधानगरी तालुक्यातील एखाद्या उताऱ्यावर तलाठ्याने स्वाक्षरी केली, त्या वेळी त्याचे प्रमाणपत्र मुदतीत होते, तर पुढे ती मुदत संपली म्हणून तेवढ्यावरून तो उतारा खोटा ठरत नाही. तेथे प्रश्न स्वाक्षरीच्या क्षणाचा असतो. सर्व्हरच्या बाबतीत मात्र प्रश्न चालू क्षणाचा असतो. काल वैध असलेले प्रमाणपत्र आज बाद झाले, तर आजचा संवाद होत नाही.

ह्यातून उद्भवणारा पेच चक्राकार आहे. प्रमाणकाला आपल्या नोंदी निर्देशिकेत ठेवाव्या लागतात. निर्देशिकेशी जोडले जाण्यासाठी प्रमाणपत्र लागते. ते बाद झाले, तर प्रमाणक सुरू होत नाही. आणि प्रमाणक सुरू झाल्यावाचून नवे प्रमाणपत्र मिळत नाही. कुलपाची किल्ली त्याच कपाटात राहून गेल्यासारखी ही अवस्था आहे.

आश्चर्य असे, की मुदत संपलेल्या दिवशी पुष्कळदा काहीच घडत नाही. कर्बरॉसचा मुख्य व्यवहार गुप्त किल्ल्यांवर चालतो, प्रमाणपत्रांवर नव्हे. त्यामुळे लोक नेहमीप्रमाणे संगणकावर प्रवेश करीत राहतात. समजा, राधानगरीसारख्या अतिवृष्टीच्या गावातील एखाद्या महाविद्यालयात असा सर्व्हर आहे आणि जुलैच्या पावसात वीज गेली. वीज परत आल्यावर यंत्र नव्याने सुरू होते, प्रमाणक उठत नाही, आणि एक घटक उठला नाही म्हणून सर्व घटकांना एकत्र चालविणारी आज्ञा उरलेल्यांनाही थांबविते. दोष विजेच्या माथी मारला जातो. वस्तुतः तो कित्येक आठवड्यांपूर्वीचा असतो. 6 डिसेंबर 2018 रोजी एरिक्सन कंपनीच्या उपकरणांतील प्रमाणपत्राची मुदत संपून ब्रिटन व जपानमधील कोट्यवधी दूरध्वनी मुके झाले, तेव्हा निदान कारण तरी त्याच दिवशी उघडकीस आले होते. लहान संस्थेत तेवढेही भाग्य लाभेलच असे नाही.

नूतनीकरण आपोआप व्हावयाचे असताना ते का राहते, हेही पाहिले पाहिजे. सेवांची प्रमाणपत्रे साधारणतः दोन वर्षांची असतात आणि सर्टमॉंगर मुदतीपूर्वी 28 दिवस प्रयत्नास लागतो. परंतु अनेक सर्व्हर असलेल्या संस्थेत सामायिक प्रमाणपत्रांच्या नूतनीकरणाचे काम एकाच सर्व्हरकडे असते. इतर सर्व्हर त्याने केलेले काम निर्देशिकेतून उचलतात. जुने झाले म्हणून तेच यंत्र मोडीत काढले व त्याचा हा अधिकार दुसऱ्याकडे सोपविला नाही, तर उरलेले सर्व्हर कधीही न येणाऱ्या प्रमाणपत्राची वाट पाहत बसतात. ह्या कारणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

अशा वेळी सर्व काही पुसून नव्याने मांडणी करण्याचा मोह होतो. तो घातक आहे. नोंदवही, परवलीचे शब्द, प्रत्येक यंत्राची गुप्त किल्ली आणि प्रमाणकाची खाजगी किल्ली ही सर्व शाबूत असतात. बाद झालेल्या असतात त्या केवळ तारखा. पुसून टाकल्यास प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणक पुन्हा नोंदवावा लागतो. म्हणून प्रथम संपूर्ण यंत्राची प्रत घ्यावी. त्यानंतर न उठणाऱ्या घटकाकडे दुर्लक्ष करून बाकीचे सुरू करण्याचा पर्याय वापरावा. त्यायोगे कर्बरॉस व निर्देशिका चालू होतात, विद्यार्थ्यांचा प्रवेश सुरू होतो, आणि प्रमाणकाची दुरुस्ती घाईवाचून करता येते.

घड्याळ मागे नेण्याच्या मार्गाचे गणित सोपे आहे, तथापि ते न करताच पुष्कळ जण पुढे जातात. प्रत्येक प्रमाणपत्र म्हणजे काळरेषेवरील एक अंतराल. सर्व अंतरालांचा छेद काढावा. त्या छेदातील एखादा क्षण घड्याळाला दिला, की त्या क्षणी सर्व प्रमाणपत्रे एकदम वैध ठरतात, प्रमाणक उठतो व सर्टमॉंगरला नवी प्रमाणपत्रे मिळतात. परंतु छेद रिक्तही असू शकतो. काही प्रमाणपत्रे बाद झाल्यानंतर एखादे मध्येच नूतनीकृत झाले असेल, तर त्याचा आरंभ इतरांच्या अंतानंतरचा असतो. मग घड्याळ कितीही मागेपुढे केले तरी उपयोग होत नाही. म्हणून प्रथम सर्व तारखा कागदावर मांडून घ्याव्यात.

छेद सापडला तरी सावधगिरी हवी. कर्बरॉस नेहमीच्या मांडणीत पाच मिनिटांहून अधिक कालभेद सहन करीत नाही; तेव्हा भूतकाळात गेलेल्या सर्व्हरला बाकीची यंत्रे ओळख देणार नाहीत. निर्देशिकेच्या प्रती परस्परांशी जुळतात त्या बदलांच्या काळनोंदींवरून; काळ मागे गेला, तर कोणता बदल नंतरचा हेच संदिग्ध होते. म्हणून त्या सर्व्हरला इतरांपासून तोडून ठेवावे, वेळ जुळविणारी सेवा थांबवावी, आणि यंत्र आभासी असल्यास यजमान यंत्र त्याचे घड्याळ परस्पर सरळ करीत नाही ना, हे पाहावे. त्या अवधीतील नोंदपुस्तिकांत खोट्या तारखा पडतात. पुढे चौकशीची वेळ आली तर घोटाळा नको म्हणून तशी टिपणी लिहून ठेवावी.

2019 पासून दुसरा मार्ग उपलब्ध झाला आहे. आयपीए-सर्ट-फिक्स ही आज्ञा घड्याळाला हात लावीत नाही. प्रमाणकाची खाजगी किल्ली त्याच यंत्रावर असते, आणि यंत्राच्या मूळ प्रशासकाला निर्देशिकेशी प्रमाणपत्रावाचून, यंत्राच्या आतूनच, बोलता येते. ह्या दोन गोष्टींच्या बळावर ही आज्ञा बाद प्रमाणपत्रांची यादी दाखविते, संमती घेते व नवी प्रमाणपत्रे करून देते. नूतनीकरणाचा अधिकारही त्याच सर्व्हरकडे येतो. चक्र तुटते ते यंत्राच्या ताब्याच्या जोरावर. प्रमाणकाचे स्वतःचे प्रमाणपत्र मात्र मुदतीत असावयास हवे. ते बाद झाले असेल, तर त्याचे नूतनीकरण वेगळ्या आज्ञेने आधी करावे लागते. जेथे ही आज्ञा उपलब्ध आहे, तेथे घड्याळाचा मार्ग धरण्यास फारसे प्रयोजन उरत नाही.

दुरुस्तीनंतर एक जागा हमखास तपासावी. प्रमाणकाकडे विनंत्या नेणाऱ्या प्रतिनिधीच्या प्रमाणपत्राचा अनुक्रमांक निर्देशिकेतही नोंदलेला असतो. प्रमाणपत्र नवे व नोंद जुनी राहिली, तर वरकरणी सर्व घटक चालू दिसतात, परंतु प्रत्येक विनंती नाकारली जाते. ही नोंद जुळल्यावर इतर सर्व्हर एकेक करून पुन्हा जोडावेत, प्रत्येकावर सर्टमॉंगरची यादी वाचावी, आणि मग यंत्र एकदा मुद्दाम बंद करून सुरू करावे. तेही दिवसाउजेडी, वीज असताना.