कॉम्प्युटरला उड्डाणपूल कसा समजावायचा?

हेडफोन लावलेत ना? ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप नेहमीप्रमाणे इथे देतोय. बोलल्यासारखंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे', 'तर' वगैरे जरा कमी केलेत.

आजचा भाग अकलोलीतून. भिवंडी तालुक्यातलं, तानसा नदीकाठचं, गरम पाण्याच्या कुंडांचं गाव. वज्रेश्वरीला येणारे बरेच जण इथे डुबकी मारून जातात. गावात उड्डाणपूल एकही नाही. पण इथून ठाण्याला जायचं तर अंबाडी, भिवंडी करत मुंबई-नाशिक महामार्ग गाठावा लागतो, आणि तिथून पुढे पूलच पूल. मग प्रश्न पडतो की नवा पूल झाल्यावर ट्रॅफिक खरंच सुटणार का, हे आधी कोण आणि कसं ठरवतं?

हल्ली मोठ्या प्रकल्पात हे कॉम्प्युटरवर तपासून बघतात. रस्त्यांचं जाळं बनवायचं, त्यात हजारो खोट्या गाड्या सोडायच्या आणि कुठे तुंबतंय ते बघायचं. याला म्हणतात ट्रॅफिक सिम्युलेशन. जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहरातल्या पीटीव्ही कंपनीचं 'व्हिसिम' हे त्यातलं नावाजलेलं, पण विकतचं सॉफ्टवेअर. 'सुमो' मात्र फुकट आहे. जर्मनीच्याच अंतराळ संशोधन संस्थेने, डीएलआरने, ते बनवलंय आणि कुणीही लॅपटॉपवर उतरवून घेऊ शकतं. या दोन्हींत साधा रस्ता काढणं सोपं. खरी गंमत सुरू होते ती रस्ता जमीन सोडून वर जातो तेव्हा.

फोन का गोंधळतो?

हा अनुभव सगळ्यांनाच असेल. तुम्ही पुलाखालून चाललाय आणि मॅपवरची बाई सांगते, 'सरळ जा.' तिच्या मते तुम्ही पुलावर आहात. कारण वरून बघितलं तर पूल आणि त्याखालचा रस्ता एकाच जागी दिसतात. गूगल मॅप्सने जुलै २०२४ मध्ये भारतातल्या ४० शहरांत 'पुढे उड्डाणपूल आहे, वर चढा' अशी सूचना द्यायला सुरुवात केली, ती याच गोंधळावर उपाय म्हणून.

सिम्युलेशनमध्ये हाच गोंधळ जास्त महागात पडतो. फोन चुकला तर आपण एक यू-टर्न मारतो. मॉडेल चुकलं तर चुकीचा पूल मंजूर होऊ शकतो.

छेदणं वेगळं, भेटणं वेगळं

रांजनोली नाका घ्या. कल्याण-भिवंडी रस्ता इथे मुंबई-नाशिक महामार्गाला आडवा येतो आणि महामार्गावर उड्डाणपूल आहे. कागदावर काढलं तर दोन रेषा एकमेकींना छेदताना दिसतील. आता कॉम्प्युटरला काय सांगायचं? हा चौक आहे की एक रस्ता दुसऱ्याच्या डोक्यावरून जातोय?

सुमोमध्ये रस्ते बिंदूंना बांधलेले असतात. त्या बिंदूला म्हणतात नोड. दोन रस्त्यांचा नोड एकच असेल तर तो चौक झाला, तिथे गाड्या वळणार आणि एकमेकींसाठी थांबणार. नोड सामायिक नसेल तर रेषा कितीही छेदू देत, दोन्हीकडच्या गाड्यांना एकमेकींचा पत्ताच नसतो. म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी पूल म्हणजे खांब आणि गर्डर नाहीत. पूल म्हणजे 'हे दोन रस्ते इथे भेटत नाहीत' एवढंच सांगणं.

यात चूक दोन बाजूंनी होते. एक, जिथे जोड नाही तिथे जोड दिला जातो. जवळजवळचे नोड आपोआप एकत्र करायची सोय सुमोत आहे. ती डोळे झाकून वापरली तर वरचा रस्ता खालच्याला चिकटतो आणि पुलावरची गाडी पुलाच्या मध्यावरून थेट खालच्या रस्त्यावर वळते! दोन, रॅम्प पुलाला टेकल्यासारखा दिसतो, पण आतून जोडलेलाच नसतो. मग पुलावर एकही गाडी चढत नाही, आणि रिपोर्ट म्हणतो, 'पुलावर अजिबात कोंडी नाही.' बरोबरच आहे, पूल रिकामा आहे!

म्हणूनच थ्रीडी दृश्याचा उपयोग आहे. सादरीकरणात छान दिसतं ते सोडाच. सपाट चित्रात लपलेली चूक कॅमेरा फिरवून बाजूने बघितलं की लगेच पकडली जाते.

अजून एक बारीक गोष्ट. पूल जोडला तरी तो सगळ्यांसाठी खुला असतोच असं नाही. मुंबईतल्या जेजे उड्डाणपुलावर दुचाकींना बंदी आहे. अशा पुलाच्या मॉडेलमध्ये ही बंदी घालायला विसरलात, तर खालच्या रस्त्यावरच्या सगळ्या बाईक वर जातील आणि खालचा रस्ता कागदावर उगाच मोकळा दिसेल.

उंची किती?

बरेच जण रस्त्यांचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतात. तो कुणालाही वापरता येतो, सुधारता येतो. त्यात पुलाला 'लेयर एक' असं लिहिलेलं असतं. पण हा आकडा मीटरमधला नाही. कोण वर आणि कोण खाली, एवढंच तो सांगतो. इमारतीत 'पहिला मजला' म्हटलं म्हणून छत किती फुटांवर आहे ते कळत नाही, तसंच. सुमोला 'एक लेयर म्हणजे इतके मीटर' असं आपल्यालाच सांगावं लागतं.

चला, थोडं गणित करू. समजा पुलाखाली ट्रकसाठी साडेपाच मीटर जागा मोकळी ठेवली आणि गर्डर-स्लॅबची जाडी दोन मीटर धरली. रस्ता साडेसात मीटर वर गेला. चढण ३० ला १ ठेवली, म्हणजे ३० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर, तर रॅम्प लागेल २२५ मीटरचा. तोही एका बाजूला!

आता कुणी घाईत फक्त मधला भाग उचलला आणि सगळी चढण ५० मीटरमध्ये बसवली, तर ती होते १५ टक्के. असा रस्ता घाटातही नको वाटेल. सुमो १० टक्क्यांच्या वर चढण दिसली की इशारा देतं. तो इशारा वाचायचा असतो बरं का, 'ओके' दाबून पुढे जायचं नसतं.

ट्रकला चढण लागते, कॉम्प्युटरला लागते का?

भिवंडी म्हणजे गोदामं आणि गोदामं म्हणजे ट्रक. ३० ला १ च्या चढणीवर २५ टनांचा भरलेला ट्रक चढवा. त्याच्या वजनाचा तिसावा हिस्सा, म्हणजे साधारण ८३० किलो, त्याला सतत मागे खेचत असतो. त्यामुळे तो हळू चढतो आणि मागच्या रिक्षा, बस, बाईक सगळ्या त्याच्या वेगाला येतात.

व्हिसिममध्ये यासाठी साधा नियम आहे. चढण दर एक टक्का वाढली की गाडीची जास्तीत जास्त वेग पकडायची क्षमता, म्हणजे त्वरण, ०.१ मीटर प्रति सेकंद वर्गाने कमी होतं. आपल्या चढणीवर ती घट होते ०.३३. ज्या ट्रकचं त्वरण मुळात १ आहे, त्याची एक तृतीयांश ताकद इथेच गेली.

सुमोमध्ये मात्र एक मेख आहे. त्यातलं नेहमीचं 'क्राउस' मॉडेल चढण लक्षातच घेत नाही. तुम्ही पूल कितीही उंच काढा, ट्रक त्यावरून सपाट रस्त्यासारखा पळत जातो. चढण मोजायची तर 'क्राउस पीएस' सारखं मॉडेल निवडावं लागतं. थोडक्यात, थ्रीडी दिसणं वेगळं आणि थ्रीडी वागणं वेगळं.

अंधेरीचा दीड मीटर

उंचीला किती किंमत असते ते मुंबईने २०२४ मध्ये बघितलं. अंधेरीचा जुना गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. नव्या पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली, आणि लोकांच्या लक्षात आलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आता त्याला टेकतच नाही. नवा पूल रेल्वे रुळांवरून जास्त उंचीने नेला होता आणि दोघांत सुमारे दीड मीटरचा फरक पडला होता. मग जॅक लावून बर्फीवाला पुलाचा भाग एका बाजूने १,३९७ आणि दुसऱ्या बाजूने ६५० मिलिमीटर उचलला. जुलै २०२४ मध्ये तो जोड वाहतुकीला खुला झाला.

आता विचार करा. सपाट मॉडेलमध्ये हे दोन पूल म्हणजे एकमेकींना टेकलेल्या दोन रेषा. त्यावरून गाड्या मजेत धावल्या असत्या. उंचीचा आकडा घातल्याशिवाय तो दीड मीटर कॉम्प्युटरला दिसणारच नाही.

पूल उतरतो कुठे?

आता सगळ्यात महत्त्वाचं. पूल हवेत कधीच तुंबत नाही, तो तुंबतो जमिनीला टेकतो तिथे. आपला २२५ मीटरचा रॅम्प घ्या. एका ट्रकला पुढचं अंतर धरून १४ मीटर लागतात असं मानू. एका लेनमध्ये १६ ट्रक मावले. खालच्या सिग्नलवर सतरावा ट्रक थांबला की रांग पुलावर चढली. मग पूल म्हणजे उंचावरचं पार्किंग.

म्हणून मॉडेल पुलापाशी संपवून चालत नाही. पुढचा चौक, त्याच्या पुढचा चौकही घ्यावा लागतो. मागच्या बाजूलाही तेच. मॉडेलच्या तोंडाशी जागा नसेल तर नव्या गाड्या आत येतच नाहीत, बाहेर ताटकळत राहतात. स्क्रीनवर रांग छोटी दिसते, कारण उरलेली रांग चित्राच्या बाहेर असते!

आपल्या भागात हे फार जवळचं आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. नागपूरहून वेगाने येणारी गाडी शेवटी आपल्याच गर्दीत उतरते. वरचा रस्ता कितीही रुंद असू दे, हिशोब खालच्या नाक्यावर होतो.

मग आपण काय करायचं?

दोन गोष्टी, दोन्ही फोनवरून होण्यासारख्या. पहिली, ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या भागातला पूल उघडून बघा. पुलाची खूण आहे का? लेयर बरोबर आहे का? रॅम्प खरंच जोडलाय का? चुकीचं असेल तर खातं उघडून दुरुस्त करा. उद्या कुणी विद्यार्थी किंवा सल्लागार तोच नकाशा उचलणार आहे.

दुसरी, नव्या पुलाचा चकाचक व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर आला की फॉरवर्ड करण्याआधी चार प्रश्न विचारा. यात ट्रक किती धरलेत? चढण मोजली आहे का? पूल उतरतो तिथली रांग किती लांब आहे? आणि बाहेर ताटकळलेल्या गाड्या किती? जनसुनावणी असेल तर तिथेही हेच विचारा. उत्तर आकड्यांत मिळालं तर ते मॉडेल. नाही मिळालं तर तो नुसता कार्टून.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या गावाजवळचा कुठला पूल चुकीच्या जागी उतरतो, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि गाडी चालवताना फोन खिशात!