बहात्तर साल : खडी, सुकडी आणि हमी

मराठवाड्यात किंवा नगर-सोलापूरच्या अवर्षणी पट्ट्यात एखाद्या म्हाताऱ्याला वय विचारलं, की तो जन्मतारीख सांगत नाही. बहात्तरच्या दुष्काळात आपण खडीवर जात होतो की आईच्या पाठुंगळीला होतो, एवढं सांगतो. ऐकणाऱ्याने हिशेब करून घ्यायचा. लोकांनी कालगणनेला धरलेलं दुसरं साल त्या भागात सहसा सापडत नाही.

देशाच्या १९७२ सालाचे जे आढावे अधूनमधून छापून येतात, त्यांत मात्र हे साल भलत्याच गोष्टींनी भरलेलं असतं. जानेवारीत मणिपूर, मेघालय आणि त्रिपुरा ही राज्यं झाली. मार्चमध्ये विधानसभांच्या निवडणुका झाल्या आणि बांगलादेशच्या विजयाच्या लाटेवर इंदिरा काँग्रेस बहुतेक राज्यांत निवडून आली. एप्रिलमध्ये चंबळच्या डाकूंनी जयप्रकाशांपुढे शस्त्रं ठेवली. २ जुलैला सिमला करार झाला. त्यावर इतकी पानं खर्ची पडली आहेत की इथे आणखी भर नको. म्युनिकला हॉकीत कांस्यपदक मिळालं, वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, वर्ष संपता संपता राजाजी गेले.

पिनकोडही याच वर्षीचा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला आणि तो बसवला टपाल खात्यातले संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. सहा आकड्यांत अख्खा देश बसवणारा हा माणूस संस्कृतात नाटकं लिहीत होता. त्यांचं नाव अजूनही शाळेच्या पुस्तकात ठळकपणे यायला हवं.

मराठी आढावेकार यात आपली भर घालतात. दलित पँथर, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’, राजा ढाल्यांचा ‘साधने’तला लेख, २ ऑक्टोबरला सुरू झालेलं मुंबई दूरदर्शन, आणि १६ डिसेंबरला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झालेला ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग. पँथर आणि ‘गोलपिठा’ यांचं मोल कोणी कमी करू नये. त्यांनी मराठी भाषेचाच पोत बदलला. तक्रार आहे ती ‘घाशीराम’वर पाच पानं लिहून दुष्काळाला एका ओळीत उरकणाऱ्यांबद्दल. ज्या डिसेंबरात पुण्यात तो प्रयोग रंगला, त्या डिसेंबरात पुण्याला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात शेतकरी रस्त्याच्या कडेला बसून दगड फोडत होते. दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यातल्या. आढाव्यात मात्र एकच येते.

दुष्काळ एका वर्षाचा नव्हता. सत्तर साली पाऊस कमी झाला, एकाहत्तरला कमी झाला आणि बहात्तरला त्याने पाठच फिरवली. खरीप गेलं, रब्बीची पेरणीच झाली नाही. कणगी रिकामी, गुरं छावणीला किंवा बाजाराला. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली. तिची भाकरी थापता येईना, थापली तर तुटे, आणि खाल्ली तरी पोट भरल्यासारखं वाटेना. मुंबईत धान्य-तेल-रॉकेलच्या टंचाईवर मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी बायकांना लाटणी हातात देऊन रस्त्यावर आणलं, ते याच दिवसांत. लाटणं मोर्चा शहरातला आणि दुष्काळ खेड्यातला, अशी वाटणी करणाऱ्यांना त्या वर्षाची चूल दिसलेलीच नाही.

मग कामं निघाली. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्त्यांची मातीकामं आणि खडी केंद्रं. कुदळ, फावडं, घमेलं. सकाळी मस्टरवर हजेरी, आठवड्याने मापं आणि पगार, मुलांना आणि मजुरांना खायला सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ. पाच कोटी वस्तीच्या राज्यात १९७३च्या मे महिन्यात या कामांवरच्या माणसांचा आकडा पन्नास लाखांच्या घरात गेला. दहा माणसांमागे एक! त्यात बायांची संख्या मोठी होती. दहा-वीस एकरांचा बागायतदार आणि त्याच्याच शेतावरचा सालगडी एका चारीत उतरले, एकाच खड्ड्याची माती त्यांनी एका घमेल्यातून वाहिली. पाटलाच्या सुनेने डोक्यावर पदर घट्ट ओढून घेतला आणि टोपली उचलली. १९४३च्या बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. महाराष्ट्रात तसं घडलं नाही, ते या मस्टरांमुळे.

‘खड्डे खणले आणि बुजवले’ हे वाक्य काही अभ्यासकांचं फार लाडकं आहे. गरजेपेक्षा जास्त खडी फुटली, तिचे ढीग रस्त्यांच्या कडेला वर्षानुवर्षं पडून राहिले, हे खरंच आहे. मस्टरवर खोटी नावंही चढली. पण त्याच कामांतून झालेले पाझर तलाव आजही ‘बहात्तरचा तलाव’ म्हणून ओळखले जातात आणि त्यांच्या खालच्या विहिरींना पाणी लागतं. टीका करणाऱ्यांनी एकदा त्या भिंतीवर चढून पाहावं.

या सगळ्यामागे एक विचार आधीपासून शिजत होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे मूळचे सांगली जिल्ह्यातले, तासगाव भागातले. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी १९६५च्या सुमारास तिथे छोट्या प्रमाणावर करून पाहिली होती. पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि ग्रामीण सार्वजनिक कामांची मांडणी आकड्यांसकट केली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने रोजगार हमी योजना जाहीर केली ती १९७२ मध्येच. दुष्काळाने ती आधी गिळली आणि मग सिद्ध करून दाखवली. कायदा १९७७ साली झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारभत्ता! मजुराला सरकारकडून मागण्याचा हक्क देणारा असा कायदा देशात तोवर नव्हता. २००५ साली केंद्राने तो उचलला तेव्हा दिल्लीतल्या चर्चांत पागे यांचं नाव क्वचितच निघालं, याची खंत महाराष्ट्राने बाळगायलाच हवी.

दुष्काळाने घडवलेला आणखी एक माणूस म्हणजे विलासराव साळुंखे. पुण्यातले इंजिनिअर आणि कारखानदार असलेले साळुंखे पुरंदरमध्ये गेले आणि खडी फोडणारे शेतकरी पाहून अस्वस्थ झाले. नायगावला देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन त्यांनी खंडाने घेतली, तिथे पाणी अडवून दाखवलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, माणसांच्या मोजणीने मिळेल. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस नाही.

ऊस नाही, हा नियम महाराष्ट्राने मोडीत काढला. बहात्तरला दाणा नव्हता, पण विहिरीत घागर बुडायची. त्याच दुष्काळात बोअरची यंत्रं गावोगाव फिरली आणि पुढे दोनशे, चारशे, सहाशे फुटांची शर्यत लागली. अवर्षणी जिल्ह्यांत साखर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी न्यावं लागलं. त्या वेळी धान्य दुकानांत होतं आणि हंडे रिकामे होते. बहात्तरच्या माणसाला हे सांगितलं असतं, तर त्याचा विश्वास बसला नसता.

पाझर तलावांत गाळ साचला आहे. ज्यांनी ते बांधले त्यांतले बहुतेक आता नाहीत, आणि त्यांच्या आठवणी टेपवर उतरवून घेण्याचं काम एखाद्या विद्यापीठाने पंचवीस वर्षांपूर्वीच हाती घ्यायला हवं होतं.

एक खूण मात्र रोज डोळ्यांसमोर आहे. रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी राज्याने १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. कोथरूडच्या किंवा ठाण्याच्या नोकरदाराच्या पगाराच्या पावतीवर ती ओळ आजही असते. महिन्याला दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे.