छोट्या इंजिनाचा खरा आवाज

बेगडेवाडी हे पुणे-लोणावळा मार्गावर देहूरोड आणि घोरावाडी यांच्यामधले लहानसे स्थानक. या मार्गावर १९३० सालापर्यंत वीज आली; त्याच वर्षी सुरू झालेली दख्खनची राणीही विजेच्या इंजिनावरच धावू लागली. येथल्या मुलांच्या कानांवर वाफेच्या इंजिनाची झुकझुक पडणार कुठून? तरीही विज्ञान प्रदर्शनात आगगाडीची प्रतिकृती मांडायची झाली की मुले वाफेचेच इंजिन निवडतात आणि कुठले तरी ध्वनिमुद्रण सतत वाजवत ठेवतात. इंजिन थांबले तरी झुकझुक चालूच!

आवाज निवडण्यापूर्वी एक प्रश्न विचारू. इंजिन ८७ पट लहान केले, तर आवाजाचे काय करायचे? (१:८७ हे प्रतिकृतींचे जगभर रूढ असलेले प्रमाण आहे.) शिट्टीही ८७ पट लहान करून पाहू. एका टोकाला बंद असलेल्या ३० सेंमी नळीचा मूळ स्वर हवेत सुमारे २८३ हर्ट्‌झ असतो. नळी ८७ पट आखूड केली की तो २४,००० हर्ट्‌झच्या पुढे जातो. आपल्याला २०,००० हर्ट्‌झच्या वरचे ऐकू येत नाही, म्हणजे ही शिट्टी फार तर वटवाघळांसाठी! म्हणून स्वराची पट्टी खऱ्या इंजिनाचीच ठेवावी लागते.

आता झुकझुकीची लय. वाफ दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलते, त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात प्रत्येक सिलिंडरमधून दोनदा वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडते. दोन सिलिंडरांचे मिळून चार भपके होतात. दोन्ही बाजूंच्या भुजा एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या असल्याने हे भपके समान अंतराने येतात. भारतात १९४७ पासून आलेल्या डब्ल्यूपी इंजिनाचे मोठे चाक १.७ मीटर व्यासाचे, म्हणजे परीघ सुमारे ५.३ मीटर. ताशी २० किमी वेगाला ते सेकंदाला जेमतेम एक फेरा घेते, भपके चार. प्रतिकृतीचे चाक ८७ पट लहान आणि तिचा वेगही ८७ पट कमी, सेकंदाला साधारण साडेसहा सेंमी. तेव्हा फेरा पुन्हा सेकंदाला एकच! लांबी आकसते, काळ आकसत नाही. म्हणून लयही खऱ्या इंजिनाचीच हवी, आणि ती चाकाला बांधलेली हवी. चाकाच्या आसावर समान अंतराने चार संपर्कपट्ट्या बसवून प्रत्येक पट्टीगणिक एक भपका वाजवला, की गाडी मंदावताच आवाजही मंदावतो. आवाज देणारे तयार सर्किट घेतानाही ही सोय आहे का, हे आम्ही आधी पाहू. शिट्ट्या किती प्रकारच्या आहेत, हे नंतर.

चढावर जड गाडी ओढताना भपके ठसठशीत येतात. वाफ बंद करून गाडी उतारावर घरंगळत असताना ते जवळजवळ नाहीसे होतात, उरते ती दांड्यांची खडखड. भोर घाटात १८६३ पासून वाफेची इंजिने धापा टाकत चढली, ती या पहिल्या आवाजात. आपल्या प्रतिकृतीत चढ असेल, तर दोन्ही मुद्रणे हवीत.

आवाज किती मोठा ठेवायचा? एक मीटरवरून प्रतिकृती पाहणे म्हणजे खरे इंजिन ८७ मीटरवरून पाहणे. बेगडेवाडीच्या मुलांनी रुळांपासून दूर, सुरक्षित जागी सव्वाशे पावलांवर उभे राहून जाणारी लोकल ऐकावी. फलाटावर कान भरून टाकणारा गडगडाट तेथे बराच विरलेला असतो. प्रदर्शनातल्या बहुतेक गाड्या आमच्या मते निदान दुप्पट मोठ्याने वाजतात.

शेवटची अडचण स्पीकरची. दोन सेंमीचा उघडा स्पीकर भपक्याचा खर्ज देऊच शकत नाही, कारण पडद्याच्या पुढून निघालेल्या आणि मागून निघालेल्या लहरी एकमेकींना मारतात. त्याच्या मापाचे भोक पाडलेल्या खोक्यावर तो घट्ट चिकटवून कडा बंद करा आणि आधीचा व नंतरचा आवाज वर्गाला ऐकवा. इंजिनाच्या मागचा कोळशाचा डबा पोकळ असतोच. स्पीकर तेथे बसवला, तर वेगळे खोके लागत नाही.