प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेल्यावरही

आमचे मामू रात्री चार-पाच वेळा लघवीला उठत. दोन वर्षे उठत होते. मामी म्हणायच्या, वय झाले. मामूही तेच म्हणायचे. मग कंबर दुखू लागली. बाम झाला, शेक झाला, म्हसळ्याच्या एका जाणत्याकडून चोळून घेणे झाले. मशिदीत मामू खुर्चीवर बसून नमाज पढू लागले, तेव्हाही नेमके काय होतेय हे आम्ही कोणी विचारले नाही. पुरुषाच्या त्या भागाचे दुखणे आपल्या घरांत बोलले जात नाही. बहीण भावाला विचारत नाही, सून सासऱ्यांना तर नाहीच. लघवीचे थेंब कपड्याला लागतात, पाकी राहत नाही, म्हणून माणूस जमातीला जाणे कमी करतो आणि घरच्यांना वाटते, थकला असेल.

रक्ताची पीएसए तपासणी झाली तोवर आजार प्रोस्टेट ग्रंथीतून मणक्यांत आणि कमरेच्या हाडांत पोहोचला होता.

पुढची तीन वर्षे हार्मोन बंद करणाऱ्या इंजेक्शनांवर बरी गेली. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी शिकागोत १९४१ साली दाखवले होते आणि त्या कामासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळाले. आजही पहिला उपाय तोच. पण काही काळाने पेशी त्यालाही दाद देत नाहीत. मामूंचे तसेच झाले. नंतर केमो झाली. पीएसए उतरले आणि पुन्हा चढले. आता काही उरले नाही, असे समजून आम्ही मुंबईहून परतायच्या तयारीत होतो, तेव्हा डॉक्टरांनी ल्युटेशियमचे नाव काढले.

शाळेत आवर्तसारणी शिकवताना आम्ही हे नाव कित्येकदा घाईघाईत ओलांडले आहे. अणुक्रमांक ७१. पॅरिसच्या जुन्या नावावरून ठेवलेले नाव. ते कधी आमच्याच घरात येईल असे वाटले नव्हते.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. प्रोस्टेटच्या पेशीवर पीएसएमए नावाचे एक प्रथिन असते. कॅन्सरच्या पेशीवर ते कितीतरी पटीने वाढते. या प्रथिनाला जाऊन चिकटणारा एक रेणू जर्मनीत हायडेलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्रात तयार झाला. त्या रेणूच्या पाठीवर किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ बांधून ते शिरेतून रक्तात सोडतात. रक्ताबरोबर फिरत ते जिथे जिथे पीएसएमए भेटेल तिथे चिकटते आणि तिथेच किरण सोडते. त्या किरणांची धाव शरीरात फार तर दोन मिलिमीटर. नेहमीच्या रेडिएशनमध्ये यंत्र बाहेरून एका जागी किरण टाकते. आजार दहा हाडांत असेल तर यंत्र किती ठिकाणी नेम धरणार? इथे औषधच नेम शोधत जाते.

पण आधी स्कॅन करावा लागतो. तशाच प्रकारचा रेणू कमी किरणांच्या गॅलियमला बांधून पीईटी स्कॅन काढतात. डाग उजळले तरच औषध तिथे पोहोचेल. ज्यांचे उजळत नाहीत त्यांना हा उपचार देत नाहीत. मूत्रपिंडे आणि रक्तपेशींची संख्याही बघतात. मामूंच्या पडद्यावर पाठीचा कणा माळेसारखा चमकत होता. आमच्या पोटात गोळा आला. डॉक्टर मात्र म्हणाले, हे असे दिसते आहे म्हणूनच पुढे जाता येईल.

हे औषध कुठून येते, हे मामूंनीच विचारले. ल्युटेशियम-१७७ आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘ध्रुव’ अणुभट्टीतही बनते. मानखुर्दहून वाशी पुलाकडे जाताना ट्रॉम्बे उजव्या हाताला राहते. गावाला जाताना आम्ही शेकडो वेळा तिथून गेलो आहोत.

आता मुख्य प्रश्न. मामू बरे होतील का? आम्ही डॉक्टरांना हे बाहेर येऊन, हळू आवाजात विचारले. उत्तर ‘नाही’ असे होते. आजार जात नाही, मागे हटतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हिजन’ या मोठ्या चाचणीत ८३१ रुग्ण होते. सगळ्यांचे हार्मोनचे औषध आणि केमो होऊन गेलेली. नेहमीच्या उपचारांवरच्या रुग्णांचे मध्यक आयुष्य ११.३ महिने भरले, ल्युटेशियम मिळालेल्यांचे १५.३ महिने. चार महिन्यांचा फरक.

मामूंना सांगायचे की नाही, यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी मामूंनीच विचारले. आम्ही शिक्षकी पद्धतीने मध्यक म्हणजे काय ते समजावले. वर्गातली मुले उंचीने रांगेत उभी केली तर जो बरोबर मधला, तो. अर्धे त्याच्या अलीकडे, अर्धे पलीकडे. पलीकडचे काही खूप पुढेही जातात. मामू ऐकून म्हणाले, “रांगेत मी कुठे उभा आहे ते अल्लाहला माहीत. डोस कोणत्या तारखेला आहे ते सांग.”

डोस दर सहा आठवड्यांनी असतो, चार ते सहा वेळा. एक रात्र वेगळ्या खोलीत ठेवले. औषधाचा बराच भाग पहिल्या दोन दिवसांत लघवीतून जातो, म्हणून पाणी भरपूर प्यायचे, बसूनच लघवी करायची, दोनदा फ्लश करायचे. घरी आल्यावर काही दिवस वेगळी खोली, आणि लहान मुले व गरोदर बाई यांच्यापासून अंतर. ल्युटेशियमचा जोर साडेसहा दिवसांच्या थोडे वर गेल्यावर निम्मा होतो. आमच्या भाचेसुनेला तेव्हा सातवा महिना होता, ती माहेरी गेली. पाच वर्षांची नात उंबऱ्यापाशी थांबून तिथूनच सलाम करायची. मामूंना सुईपेक्षा हे जास्त टोचले. किती दिवस, ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. आम्ही अंदाजाने जास्तच दिवस पाळले आणि म्हाताऱ्या माणसाला उगाच एकटे पाडले.

त्रास झाला तो तोंड कोरडे पडण्याचा. लाळग्रंथींवरही थोडे पीएसएमए असते. थकवा आला, जेवण उतरेना. तेवढ्यात रमजान आला आणि मामू रोजा धरायला हटून बसले. डॉक्टरांनी नाही सांगितले ते त्यांनी ऐकले नाही. इमाम साहेब घरी येऊन म्हणाले, आजाऱ्याला सवलत अल्लाहनेच दिली आहे, ती परत करणारे तुम्ही कोण? तेव्हा ऐकले.

खर्चाबद्दल एवढेच, की तो भारी आहे. आम्ही एक गुंठा विकला. पुढच्यांनी आधी विचारावे, कोणत्या सरकारी केंद्रात हा उपचार होतो आणि सवलत कुणाला मिळते. आम्ही ते उशिरा विचारले.

दुसऱ्या डोसनंतर रात्रीची वेदनेची गोळी सुटली. तिसऱ्यानंतर पीएसए निम्म्याच्याही खाली आले. गेल्या महिन्यात चौथा डोस झाला. मामू अजून खुर्चीवरच नमाज पढतात, पण मशिदीत स्वतः चालत जातात. नमाजनंतर पायरीवर बसलेल्या बरोबरीच्या माणसांना उघड विचारतात, “रात्री किती वेळा उठतोस?” पहिल्यांदा सगळे हसले. त्यातले दोघे नंतर आमच्याकडून डॉक्टरांचा पत्ता घेऊन गेले. बाप आजारी असेल तर मुलांना धोका वाढतो, म्हणून मामूंनी दोन्ही मुलांना पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोलायला पाठवले. धाकटा अजून आज-उद्या करतो आहे. मामी रोज फोनवर त्याला तेच विचारतात.